विकता न येणारा क्लब: एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टरचं प्रकरण

12 मे 2005 रोजी माल्कम ग्लेझर या अमेरिकन उद्योगपतीने मँचेस्टर युनायटेडमधला जॉन मॅग्नियर आणि जे. पी. मॅकमॅनस या दोन आयरिश गुंतवणूकदारांचा जवळपास 29 टक्के वाटा एका फटक्यात उचलला. त्याआधी दोनेक वर्षं तो बाजारातून हळूहळू शेअर गोळा करतच होता. आता पारडं पूर्ण झुकलं. काही दिवसांत त्याची मालकी 75 टक्क्यांच्या पुढे गेली आणि कंपनी शेअर बाजारातून बाहेर काढायचा मार्ग मोकळा झाला. हा सगळा व्यवहार सुमारे 79 कोटी पौंडांचा. त्यातली मोठी रक्कम कर्जाऊ, आणि त्या कर्जाच्या बऱ्याच भागाला तारण काय, तर क्लबचीच मालमत्ता. तोवर बिनकर्जी असलेल्या क्लबच्या डोक्यावर स्वतःच्याच खरेदीचं कर्ज येऊन बसलं. वर्षाचं व्याज काही कोटी पौंडांत जाणार होतं आणि ते शेवटी तिकीट काढणाऱ्याच्या खिशातून निघणार, हे ओळखायला अर्थशास्त्राची पदवी लागत नव्हती.

समर्थकांनी मोर्चे काढले, पुतळे जाळले, काळे कपडे घातले. बहुतेक जण चिडले, कुढले आणि ऑगस्टमध्ये परत ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्या मैदानाच्या, रांगेत उभे राहिले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बापजाद्यांपासून चालत आलेली शनिवारची सवय एका उन्हाळ्यात सुटत नाही. पण काही हजार लोक परत गेले नाहीत. त्यांनी इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत पार खाली, दहाव्या पायरीवर, स्वतःचा अर्धव्यावसायिक क्लब काढला. या क्लबबद्दल लिहिताना बहुतेक जण बंडाची गोष्ट सांगतात. मला त्यापेक्षा त्यांची घटना, म्हणजे नियमावली, जास्त महत्त्वाची वाटते. कुणालाही विकत घेता येणार नाही असा क्लब बांधता येतो का? आणि बांधलाच, तर तो चालवताना काय काय अंगावर येतं?

आधीची लढाई

ग्लेझर काही आभाळातून पडला नाही. मँचेस्टर युनायटेड 1991 साली शेअर बाजारात उतरला, तेव्हाच दार उघडं राहिलं होतं. 1998 मध्ये रूपर्ट मर्डॉकच्या बीस्कायबी या टीव्ही कंपनीने 62.3 कोटी पौंडांची बोली लावली. समर्थकांच्या संघटनांनी त्याविरुद्ध जोरदार मोहीम उघडली, मक्तेदारी आयोगाकडे निवेदनं दिली, खासदार गाठले, आणि 1999 मध्ये सरकारने तो व्यवहार रोखला. त्या मोहिमेतून कार्यकर्त्यांची एक पिढीच तयार झाली. अँडी वॉल्श त्यातलेच. पुढे नव्या क्लबचा कारभार त्यांच्याकडे आला आणि या प्रकरणातल्या सगळ्यात अवघड वळणावरही तेच उभे होते.

1999 चा विजय मात्र फसवा होता. मर्डॉकला अडवता आलं, कारण तो प्रसारण हक्क विकत घेणारा होता आणि क्लबही घेऊ पाहत होता. हितसंबंधांची टक्कर उघड दिसत होती. ग्लेझरच्या बाबतीत तसं काही दाखवता येईना. पैसा आणा, शेअर घ्या, एवढाच बाजाराचा नियम होता आणि तो त्याने पाळला होता. समर्थकांनी स्वतः शेअर घेऊन वाटा वाढवायचा प्रयत्न केला, पण दोन-दोनशे पौंड गोळा करणाऱ्यांची गाठ कर्जावर कोट्यवधी उभ्या करणाऱ्याशी होती.

दुसरा धडा लंडनमधून आला होता. 2002 मध्ये विम्बल्डन एफसीच्या मालकांना क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायची परवानगी मिळाली. अंतर सुमारे 90 किलोमीटर. मागे राहिलेल्या समर्थकांनी त्याच उन्हाळ्यात एएफसी विम्बल्डन काढला आणि तळाच्या काउंटी लीगपासून सुरुवात केली. मँचेस्टरकरांना त्या मंडळींचा सल्ला मिळाला, पण त्यापेक्षा मोलाचा होता तो पुरावा की ही गोष्ट होऊ शकते.

सहा आठवड्यांत क्लब

मेच्या उत्तरार्धात सभा झाल्या. एक मेथडिस्ट सेंट्रल हॉलमध्ये, दुसरी 30 तारखेला अपोलो नाट्यगृहात. 14 जूनला संस्थेची नोंदणी झाली. नावासाठी मतदान घेतलं गेलं. न्यूटन हीथ युनायटेड, एएफसी मँचेस्टर 1878, एफसी मँचेस्टर सेंट्रल अशी नावं समोर होती. निवडलं गेलं ते एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. मागे पडलेल्या दोन नावांत इतिहास दडलेला होता. मँचेस्टर युनायटेडचा जन्म 1878 मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कारखान्यातल्या कामगारांच्या संघातून झाला. युनायटेड हे नाव 1902 मध्ये आलं.

प्रशिक्षक म्हणून कार्ल मार्गिन्सनची नेमणूक झाली. स्वतः खालच्या लीगांत खेळलेला, पोटापाण्यासाठी फळं-भाज्या पोचवणारा माणूस. खेळाडू निवडायचे होते. 900 च्या आसपास अर्ज आले, 200 जणांना चाचणीला बोलावलं, 17 घेतले. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चार हजारांहून जास्त लोकांनी पैसे देऊ केले होते आणि बँकेत एक लाख पौंड जमले होते. 16 जुलैला ली आरएमआयविरुद्ध पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. गोल एकही नाही, प्रेक्षक अडीच हजारांवर. सामना संपल्यावर लोक मैदानात धावले आणि बरोबरीत सुटलेल्या खेळाडूंना खांद्यावर घेतलं. 13 ऑगस्टला नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगच्या दुसऱ्या विभागात पहिला अधिकृत सामना झाला: लीक काउंटी स्कूल ओल्ड बॉइज 2, एफसी युनायटेड 5. नावावरूनच प्रतिस्पर्धी कोण होते ते कळावं. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ!

इथे अर्धव्यावसायिक म्हणजे काय ते सांगायला हवं. या पातळीवर खेळाडूला सामन्यामागे किंवा आठवड्याला थोडे पैसे मिळतात, पण घर त्यावर चालत नाही. दिवसा नोकरी, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, शनिवारी दुपारी सामना, मधेच एखाद्या मंगळवारी रात्री दिव्यांच्या उजेडात दुसरा. पावसाने सामना रद्द झाला की पुढच्या आठवड्यात तीन. अशा लीगमध्ये एरवी शे-दीडशे माणसं येतात, त्यात काही कुत्री घेऊन. एफसी युनायटेडच्या पहिल्या मोसमात घरच्या सामन्यांना सरासरी तीन हजारांवर गर्दी झाली. एप्रिल 2006 मध्ये ग्रेट हारवुड टाउनविरुद्ध 6,023. दहाव्या पायरीवर! पाहुणे म्हणून ते जिथे जात, त्या गावच्या क्लबची वर्षभराची बेगमी त्या एका दिवसात होई.

नियमावलीतली मेख

आता मुद्द्याचं. संस्थापकांना साधी कंपनी काढता आली असती आणि समर्थकांना शेअर वाटता आले असते. त्यांनी ते टाळलं. नोंदणी झाली ती 1965 च्या इंडस्ट्रियल अँड प्रॉव्हिडंट सोसायटीज कायद्याखाली. आपल्या भाषेत, सहकारी संस्था. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजवायला फार कष्ट पडू नयेत. गृहनिर्माण संस्थेत पन्नास रुपयांचे दहा भाग घेऊन आपण सभासद होतो, आणि एका खोलीवाल्याला एक मत तसंच गच्चीसकट मोठ्या फ्लॅटवाल्यालाही एकच. एफसी युनायटेडमध्ये सुरुवातीच्या काळात वर्षाला दहा-बारा पौंड भरले की सभासदत्व आणि एक मत मिळे. कुणी हौसेने हजार पौंड दिले, तरी मत एकच.

यातून होतं काय, ते बारकाईने पाहायला हवं. कंपनीत शेअर म्हणजे मालकीचा तुकडा. तो विकता येतो, त्याचा भाव वाढतो, आणि पुरेसे तुकडे जमवले की सत्ता हातात येते. ग्लेझरने हेच केलं. सहकारी संस्थेत भागाची किंमत जन्मभर तीच राहते. तो तिऱ्हाइताला विकता येत नाही. परत हवा असेल तर संस्थेकडेच मागायचा, आणि संस्थेची ऐपत असेल तेव्हा ती देणार. संस्था उद्या गुंडाळलीच, तरी उरलेली मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यायची नाही. ती समाजहिताच्या दुसऱ्या संस्थेकडे जाणार. थोडक्यात, विकून कुणाचाच फायदा होणार नाही अशी तजवीज. विकण्याचा मोहच काढून टाकला, की विकू नका असं सांगत बसावं लागत नाही. या क्लबची खरी हुशारी मला इथे दिसते. मैदानावरचे गोल नंतरचे.

सोबत सात तत्त्वं ठरली. संचालक मंडळ सभासद निवडणार, प्रत्येकाला एक मत, परिसराशी जवळचं नातं, तिकीट परवडणारं, तरुणांना प्रोत्साहन, निव्वळ धंदेवाईकपणा शक्य तितका टाळायचा, आणि संस्था नफ्यासाठी नसेल. यातलं सहावं कलम वाचताना ‘शक्य तितका’ हे शब्द लक्षात ठेवावेत. सगळी भांडणं पुढे तिथूनच निघाली. सदऱ्यावर प्रायोजकाचं नाव छापायचं नाही, एवढं मात्र निःसंदिग्ध ठरलं. लाल सदरा, पांढरी चड्डी, काळे मोजे, छातीवर जाहिरात नाही.

चढण

पहिल्या तीन मोसमांत तीन बढत्या मिळाल्या. 2005-06 मध्ये विजेतेपद, 2006-07 मध्ये पुन्हा विजेतेपद, त्या मोसमात लीगमध्ये दीडशेहून जास्त गोल. 2007-08 मध्ये नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या खालच्या विभागातून प्लेऑफमार्गे, म्हणजे मोसमाअखेर वरच्या काही संघांत होणाऱ्या जादा बाद सामन्यांतून, वर, अंतिम सामन्यात स्केल्मर्सडेल युनायटेडवर 4-1 ने मात. दहावी, नववी, आठवी, सातवी. सातव्या पायरीवर मात्र गाडी रुतली. 2011, 2012, 2013 अशी लागोपाठ तीन वर्षं प्लेऑफचा अंतिम सामना गाठला आणि तिन्ही एका गोलाच्या फरकाने गमावला. 2014 मध्ये उपांत्य सामन्यातच गाडी थांबली. अखेर 2014-15 मध्ये लीग जिंकूनच वर गेले.

या काळात तत्त्वांची परीक्षा छोट्या छोट्या प्रसंगांत झाली. डिसेंबर 2007 मध्ये कर्झन ॲश्टनविरुद्धचा सामना थेट प्रक्षेपणासाठी संध्याकाळी सरकवला गेला. शनिवारी दुपारी तीनची वेळ बदलायची नाही, हे या लोकांच्या लेखी धर्माइतकं पक्कं. टीव्हीवाल्यांच्या सोयीने समर्थकांना पळवणं याचाच तर त्यांना वीट आला होता. क्लबच्याच मंडळाने बहिष्कार पुकारला. आपलाच संघ खेळतोय आणि आपलाच क्लब सांगतोय, जाऊ नका! असला प्रकार दुसरीकडे ऐकलेला नाही.

2009 मध्ये मोसमाच्या पासाची किंमत ठरवायचं सभासदांवर सोपवलं गेलं. किमान 90 पौंड, त्यावर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे भरावं. बाहेरच्यांनी याला भाबडेपणा म्हटलं. पण मालक आणि गिऱ्हाईक एकच असतील, तर कमी भरणारा स्वतःच्याच गल्ल्यातून काढत असतो, हे सभासदांना कळत होतं. ज्याची नोकरी गेली, त्यालाही पास मिळत राहिला. ओल्ड ट्रॅफर्ड सोडलेल्यांत महागड्या तिकिटांमुळे पोरांना सोबत नेणं बंद झालेले कितीतरी बाप होते. त्यांच्यासाठी हा मुद्दा तात्त्विक नव्हता.

रॉचडेल

5 नोव्हेंबर 2010. एफए कप, म्हणजे लहानमोठ्या सगळ्या इंग्लिश क्लबांच्या बाद स्पर्धेची पहिली फेरी, शुक्रवारची रात्र, थेट प्रक्षेपण. (हो, शुक्रवारी आणि टीव्हीसाठी. कपमधली वेळ क्लबच्या हातात नव्हती आणि प्रक्षेपणाचे पैसे मैदानासाठी हवे होते. ‘शक्य तितका’ या शब्दांचा पहिला मोठा वापर.) समोर रॉचडेल, चार पायऱ्या वरचा पूर्ण व्यावसायिक संघ. त्यांच्या स्पॉटलंड मैदानावर सात हजारांची गर्दी, त्यातले कित्येक हजार पाहुणे. निकी प्लॅट आणि जेक कॉट्रेलच्या गोलांनी एफसी युनायटेड 2-0 पुढे गेला, रॉचडेलने 2-2 केलं, आणि भरपाईच्या वेळेत माइक नॉर्टनने तिसरा मारला. चेंडू गोलरक्षकाच्या हातातून सुटला होता की नॉर्टनने पायाने काढून घेतला, यावर रॉचडेलकर अजून वाद घालू शकतात. पंचांनी गोल दिला.

पुढच्या फेरीत तिसऱ्या स्तरावर पहिल्या क्रमांकावर असलेल्या ब्रायटनला त्यांच्या घरी 1-1 वर रोखलं. गोलरक्षक सॅम ॲश्टनने अखेरच्या क्षणी पेनल्टी अडवली. फेरसामना 0-4 ने गेला, पण तो पाहायला 6,731 लोक आले होते.

रॉचडेलच्या विजयात एक योगायोग होता आणि तो इंग्लंडमधल्या क्रीडापत्रकारांपेक्षा सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या सोसायटीच्या सचिवाला चटकन जाणवेल. ज्या गावात हा सामना झाला, त्याच गावच्या टोड लेनवर डिसेंबर 1844 मध्ये अठ्ठावीस जणांनी मिळून एक किराणा दुकान उघडलं होतं. पीठ, लोणी, साखर, ओटमील, मेणबत्त्या. भेसळ नाही, उधारी नाही, प्रत्येकाला एक मत. आधुनिक सहकाराची तत्त्वं या रॉचडेलच्या दुकानातून निघाली आणि फिरत फिरत 1904 च्या हिंदुस्थानातल्या पतसंस्था कायद्यापर्यंत, तिथून 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमापर्यंत पोचली. एफसी युनायटेडची नियमावली त्याच वंशातली. त्या रात्री पाहुणे म्हणून आलेला संघ एका अर्थी माहेरी आला होता.

भाड्याचं घर

पहिली दहा वर्षं क्लब भाडेकरू होता, मुख्यतः बरी एफसीच्या गिग लेनवर. बरी म्हणजे मँचेस्टरच्या उत्तरेला, शहराबाहेर. भाडं गर्दीच्या मानाने जड, सामन्याच्या दिवशीची खाण्यापिण्याची कमाई दुसऱ्याची, आणि घरमालकाचा सामना त्याच दिवशी असेल तर आपल्याला वाट बघणं आलं. ‘परिसराशी जवळचं नातं’ हे तिसरं तत्त्व तर भाड्याच्या घरात राहून पाळताच येत नव्हतं. परिसर कुठला? बरीचा? तिथल्या लोकांचा स्वतःचा क्लब होता.

मग जागेचा शोध सुरू झाला. न्यूटन हीथमध्ये टेन एकर्स लेनवर मैदान ठरलं, 2010 मध्ये बांधकामाला परवानगी मिळाली, आणि 2011 मध्ये सरकारी काटकसरीच्या धडाक्यात मँचेस्टर महापालिकेने हात काढून घेतला. पालिकेने पर्यायी जागा सुचवली ती शेजारच्या मॉस्टन भागातली, रोनाल्ड जॉन्सन प्लेइंग फील्ड्स. तिथे स्थानिक रहिवाशांपैकी काहींनी हरकत घेतली. मोकळं मैदान जातंय, शनिवारी गाड्यांची गर्दी होईल, ही तक्रार अगदीच अनाठायी नव्हती. कोर्टकचेऱ्या झाल्या. कुदळ पडायला 2013 चा नोव्हेंबर उजाडला.

पैसा कुठून आणला? सहकारी संस्थेला शेअर बाजारात जाता येत नाही आणि धनको शोधायचा तर तत्त्व मोडतं. त्यांनी सामुदायिक भाग काढले. किमान 200 पौंड, काही वर्षं परत मागायचे नाहीत, व्याज मिळालंच तर अगदी माफक, आणि मत अर्थातच एक. यातून जवळपास 20 लाख पौंड उभे राहिले. इंग्लिश फुटबॉलमध्ये अशा पद्धतीने एवढी रक्कम आधी कुणी जमवली नव्हती. बाकी पैसा क्रीडा संस्थांची अनुदानं, पालिकेचं अनुदान आणि पालिकेचंच कर्ज. एकूण खर्च 60 लाखांच्या वर गेला. एका बाजूच्या, उभं राहून सामना पाहायच्या स्टँडचा सांगाडा नॉर्थविच व्हिक्टोरिया या क्लबच्या मोडलेल्या मैदानावरून आणला होता. जुनं मोडून नवं उभारायची ही काटकसर मला आवडते.

29 मे 2015 रोजी ब्रॉडहर्स्ट पार्क हे नवं मैदान उघडलं, पोर्तुगालच्या बेनफिकाच्या संघाविरुद्ध. तारीख आणि पाहुणे दोन्ही मुद्दाम निवडलेले: 1968 मध्ये याच तारखेला मँचेस्टर युनायटेडने वेम्ब्लीवर बेनफिकाला 4-1 हरवून युरोपियन कप जिंकला होता. या वेळी बेनफिका 1-0 ने जिंकला आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. क्षमता 4,400. शेजारी कृत्रिम गवताचं मैदान, वस्तीतल्या लोकांसाठी खोल्या.

घर झाल्यावर

आता सुखाने नांदायला हरकत नव्हती. सहावी पायरी, स्वतःचं मैदान, पहिल्या मोसमात सरासरी 3,300 च्या वर गर्दी. पण वर्षाच्या आत क्लब आतून फाटला.

नोव्हेंबर 2015 मध्ये एफए कपचा चेस्टरफील्डविरुद्धचा सामना टीव्हीसाठी सोमवारी रात्री ठेवला गेला. काही समर्थक निषेध म्हणून पूर्ण पूर्वार्ध बाहेर उभे राहिले. सामना 1-4 ने गेला. ही ठिणगी होती. खाली बरंच साचलेलं होतं. सभासदांची तक्रार अशी, की निर्णय झाल्यावर कळतात, आकडे वेळेवर मिळत नाहीत, प्रश्न विचारला की विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहिलं जातं. वर्षानुवर्षं फुकट राबणारे स्वयंसेवक दुखावले गेले. चालवणाऱ्यांची बाजूही होती: साठ लाखांचं बांधकाम, पालिकेचं कर्ज, दिवसभर उघडं राहणारं केंद्र, पगारी नोकर. यातला प्रत्येक ठराव सर्वसाधारण सभेपुढे न्यायचा म्हटला, तर गवत कापायलाही मुहूर्त लागेल. एप्रिल 2016 मध्ये अँडी वॉल्श यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. मंडळातले बहुतेक जण पायउतार झाले आणि उन्हाळ्यात नवं मंडळ निवडून आलं.

हे वाचून ‘बघा, शेवटी सहकाराचं व्हायचं तेच झालं’ असं म्हणायचा मोह आपल्याकडे लगेच होतो. आपण साखर कारखाने पाहिलेत. पण निदान चुकतंय असं मला वाटतं. इथे कुणी संस्था गिळली नाही, कुणाच्या पुतण्याला खुर्ची मिळाली नाही. झालं ते असं: नियमावलीने ‘क्लब कोण विकू शकतो’ या प्रश्नाचं उत्तर चोख दिलं होतं. ‘रोजचा कारभार कुणी, कुणाला विचारून करायचा’ हा प्रश्न मात्र तिने ओळखीपाळखीवर सोडला होता. 2005 मध्ये सगळे एकमेकांना मोर्च्यातून ओळखत होते. विश्वास हेच इतिवृत्त होतं. दहा वर्षांनी तिथे असे सभासद होते ज्यांनी अपोलोतली सभा पाहिलीच नव्हती. त्यांना विश्वास नको होता, कागद हवे होते. तो त्यांचा हक्कच होता.

दुसरं कारण विटांचं. भाडेकरू असताना वाईट मोसम आला तर खर्च आपोआप आकसायचा. घर बांधल्यावर हप्ते, दुरुस्ती, वीज, पगार हे सगळं पक्कं झालं, आणि उत्पन्न मात्र गर्दीवर. नव्या मैदानाची नवलाई ओसरली, संघ खालच्या अंगाला रेंगाळू लागला आणि दोन-तीन वर्षांत सरासरी पुन्हा दोन हजारांच्या आसपास आली. खर्चाचा अंदाज मात्र पहिल्या वर्षाच्या गर्दीला डोळ्यांपुढे ठेवून बांधलेला. बाहेरच्या मालकाचा क्लब असता तर त्याने खिशातून तूट भरली असती, आणि बदल्यात हवं ते केलं असतं. इथे तूट भरणारे तेच सभासद. भागाचे पैसे परत मागायची मुदत भरत आली तरी शिल्लकच नाही, तर द्यायचं कशातून? नियमावलीत हे आधीच लिहिलेलं होतं आणि बहुतेकांनी ते पैसे परत येतील या आशेने दिलेलेही नव्हते. तरी ज्याने साठवलेले दोन हजार दिले, त्याच्यासाठी ते काही थोडे नव्हते.

मार्गिन्सन ऑक्टोबर 2017 मध्ये गेले, बारा वर्षांनी. इंग्लिश फुटबॉलमध्ये प्रशिक्षक सहसा इतकी वर्षं टिकत नाहीत. 2018-19 अखेर क्लब सातव्या पायरीवर परत घसरला. पुढच्या मोसमात दुसऱ्या क्रमांकावर असतानाच मार्च 2020 मध्ये कोरोनाने लीग थांबवली आणि सगळे निकाल रद्दबातल ठरले.

शेजारी बरी

या प्रकरणाची दुसरी बाजू त्यांच्याच जुन्या घरमालकाकडे दिसते. बरी एफसी 1885 चा क्लब, 1900 आणि 1903 चा एफए कप विजेता, नेहमीच्या पद्धतीचा, खाजगी मालकीचा. मालकांनी गिग लेन गहाण टाकली. डिसेंबर 2018 मध्ये क्लब एका पौंडाला दुसऱ्या मालकाच्या हाती गेला. त्यानेही देणी भागवण्याची ऐपत दाखवली नाही. 2019 मध्ये संघाने मैदानावर बढती मिळवली, आणि त्याच वर्षी 27 ऑगस्टला बरीला फुटबॉल लीगमधून काढून टाकलं. भाडेकरू कर्जात पण जिवंत, घरमालक संपलेला.

म्हणून मी एफसी युनायटेडच्या 2016 च्या भांडणाला अपयश म्हणायला तयार नाही. तिथे भांडायला जागा होती. बरीच्या समर्थकांनाही शंका होत्या, राग होता, पण सभा बोलवायची कुणाकडे? गेटवर फलक लावण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

बरीकरांनी मग तीच वाट धरली. समर्थकांच्या मालकीचा बरी एएफसी 2020 मध्ये दहाव्या पायरीवर सुरू झाला, शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर भाड्याने. दुसऱ्या गटाने सरकारी मदत आणि देणग्या जमवून 2022 मध्ये गिग लेन परत विकत घेतली. आता एकाकडे संघ, दुसऱ्याकडे मैदान. दोन्ही संस्थांचं विलीनीकरण करायचं ठरलं आणि 2022 च्या शरद ऋतूत मतदान झालं. बहुमत बाजूने होतं, पण एका संस्थेत आवश्यक दोन तृतीयांश मतं पडली नाहीत, आणि ठराव बारगळला. सहा-सात महिने पुन्हा बैठका, समजुती, रुसवेफुगवे. मे 2023 मध्ये परत मतदान घेतलं, या वेळी दोन्हीकडे मंजूर झालं. त्या ऑगस्टपासून गिग लेनवर पुन्हा बरी एफसी या नावाने लीगचे सामने सुरू झाले, नवव्या पायरीवर.